तणाच्या बीचें आयुष्य : मिशिगन विद्यापीठांतील एक दीर्घ प्रयोग

शेताच्या जमाखर्चांत खुरपणीचा खर्च असा आहे कीं, तो दर वर्षीं पडतो आणि दर वर्षीं नव्यानेंच पडल्यासारखा वाटतो. बैल घेतला तर तो कित्येक वर्षें राबतो, विहिरीस पैसा घातला तर पाणी पुढील पिढीसही मिळतें. परंतु तण काढण्याकडे गेलेला पैसा पुढच्या आषाढांत पुन्हां तितकाच मागणारा असतो. एक वर्ष शेत आरशासारखें स्वच्छ ठेवलें, बांधापर्यंत काडी शिल्लक ठेवली नाहीं, तरी पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत तोच माठ, तीच घोळ, तेंच गवत पाळीच्या मातींतून वर येतें. हें तण येतें कोठून? वाऱ्यानें येतें, ओढ्याच्या पाण्यानें येतें, उकिरड्याच्या कच्च्या खतांतून येतें, हीं उत्तरें खरीं आहेत. पण तीं अपुरीं आहेत. पुष्कळसें तण त्या वर्षीं बाहेरून आलेलें नसतेंच. त्याचें बीज जमिनींत पूर्वींच पडलेलें असतें. किती वर्षांपूर्वीं पडलेलें, एवढाच प्रश्न उरतो. आणि या एका प्रश्नाचें उत्तर काढण्यासाठीं अमेरिकेंतील एका विद्यापीठांत १८७९ सालीं आरंभिलेला प्रयोग अद्यापि संपलेला नाहीं.

अमेरिकेच्या उत्तरेस मोठमोठ्या सरोवरांच्या मध्यें मिशिगन नांवाचें संस्थान आहे. तेथें लॅन्सिंग शहराजवळ १८५५ सालीं शेतकीचें एक कॉलेज स्थापन झालें. तेंच आज मिशिगन स्टेट विद्यापीठ या नांवानें ओळखलें जातें. या कॉलेजांत विल्यम जेम्स बील हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचा जन्म १८३३ चा. मक्याच्या दोन जातींचा संकर करून उत्पन्न वाढतें काय, याचेही प्रयोग त्यांनीं केले होते. विद्यार्थ्यांना पुस्तकापेक्षां झाड हातांत देऊन शिकवावें अशी त्यांची पद्धत होती. आसपासचे शेतकरी त्यांना विचारीत कीं, तण उपटीत राहिलों तर किती वर्षांनीं तें संपेल? बील यांना या प्रश्नाचें उत्तर देतां येईना, कारण त्या काळीं तें कोणासच माहीत नव्हतें. दुसरा एखादा अध्यापक अनुमानानें कांहीं तरी आंकडा सांगून मोकळा झाला असता. बील यांनीं वीस बाटल्या आणविल्या.

प्रयोगाची रचना इतकी साधी आहे कीं, ती आपल्यापैकीं कोणासही करतां आली असती. बाटल्या पिंटाच्या, म्हणजे सुमारें अर्धा लिटर मापाच्या होत्या. शेतांत व रस्त्याच्या कडेस सर्वत्र आढळणाऱ्या वीसांच्या वर जातींच्या बिया त्यांनीं गोळा केल्या, प्रत्येक जातीच्या मोजून पन्नास बिया ओलसर वाळूंत मिसळल्या आणि त्या प्रत्येक बाटलींत भरल्या. म्हणजे एका बाटलींत हजारावर बिया झाल्या. बाटल्यांस बूच लावलें नाहीं. तोंड मात्र खालच्या बाजूस उतरतें ठेवलें, म्हणजे आंत पाणी सांचून बिया कुजूं नयेत. मग कॉलेजच्या आवारांतील एका वाळवट उंचवट्यावर वीस इंच खोल, म्हणजे हातभराहून थोड्या अधिक खोलीवर, त्या एका ओळींत पुरल्या. दर पांच वर्षांनीं एक बाटली काढावी, बिया मातींत पेराव्या, कोणत्या उगवतात तें लिहून ठेवावें, असा संकल्प होता. वीस बाटल्या आणि पांच वर्षें यांचा गुणाकार शंभर होतो. बील यांचें वय त्या वेळीं शेहेचाळीस होतें. आपला प्रयोग आपल्या हातून पुरा होणार नाहीं हें त्यांनीं आरंभींच धरलें असलें पाहिजे.

ते १९१० सालीं सेवानिवृत्त झाले व १९२४ सालीं वारले. पुढें प्रयोगाचा भार डार्लिंग्टन या अध्यापकांनीं वाहिला. बहुतेक जाती हळूहळू मरत चालल्या व थोड्याच टिकल्या असें दिसूं लागल्यावर बाटल्या लौकर संपवूं नयेत म्हणून १९२० नंतर पांचाऐवजीं दहा वर्षांचें अंतर ठरविलें, आणि १९८० नंतर तें वीस वर्षांवर नेलें. अशा रीतीनें १८८४ पासून १९१४ पर्यंत सात, पुढें १९२० ची एक, त्यानंतर १९८० पर्यंत सहा, मग २००० सालीं एक आणि २०२१ सालीं एक, अशा सोळा बाटल्या निघाल्या आहेत. चार शिल्लक आहेत. त्या २०४०, २०६०, २०८० आणि २१०० या सालीं काढावयाच्या आहेत.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें त्यास या हकीकतींत बियांइतकेंच कौतुक कागदाचें वाटतें. खूण म्हणून लावलेलें झाड तुटतें, बांध सरकतो, इमारती उठतात, साहेब बदलतात. आणि चाळीस वर्षांपूर्वींची हद्दीची खूण शोधावयास गेलें कीं गांवांतील चार म्हातारे चार जागा दाखवितात. येथें तर वीस बाटल्यांची एक ओळ जमिनीखालीं दडलेली, वर कांहींही बांधकाम नाहीं, आणि जागा कोणास कळूं नये म्हणून गुप्त ठेवलेली. ती सापडते ती केवळ एका नकाशावरून आणि एका अध्यापकानें दुसऱ्याच्या हवालीं करावयाच्या माहितीवरून. दीड शतकाच्या जवळपास एवढा काळ हा वारसा मध्यें कोठेंही खंडित झालेला नाहीं. सरकारी प्रयोगक्षेत्रासही हें भाग्य नेहमीं लाभत नाहीं. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील डुव्हेल यांनीं १९०२ सालीं १०७ जातींच्या बिया पुरून बील यांच्याहून फार मोठा प्रयोग सुरू केला होता. पण तें क्षेत्र राजधानीनजीक असल्यामुळें लष्करी खात्याच्या कामीं गेलें आणि १९४१ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो आटोपता घ्यावा लागला.

आतां निकालाकडे वळूं. पांढऱ्या क्लोव्हरच्या बिया, जो आपल्या बरसीम घासाचा सगोत्र आहे, पहिल्या पांच वर्षांनंतर उगवल्या नाहींत. कांहीं जाती तर एकदांही उगवल्या नाहींत. उलट राळ्याच्या जातीचें एक गवत तीस वर्षें टिकलें. आपल्या माठाचा जवळचा भाऊ शोभेल असा एक माठ, इसबगोलाच्या वर्गांतील एक वनस्पति आणि घोळ या चाळीस वर्षांनंतरही उगवल्या. घोळीचें नांव वाचतांना वाचकांनीं क्षणभर थांबावें. ती परदेशची दुसरी कोणी घोळ नव्हे, आपल्या मळ्यांत खुरप्याखालीं येते व घरीं भाजीस जाते तीच ती. काळी मोहरी पन्नास वर्षें जिवंत राहिली. दोन जाती ऐंशी वर्षांपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत पोंचल्या. आणि शंभर वर्षें पुरीं झालीं त्या १९८० सालीं केवळ तीन जाती उगवल्या: व्हर्बॅस्कमच्या दोन, आणि भेंडी-अंबाडीच्या कुळांतील माल्वा नांवाची एक. त्यांतही माल्वाची व एका व्हर्बॅस्कमची एकेकच बी उगवली. दुसऱ्या व्हर्बॅस्कमनें मात्र नवल केलें. २००० सालीं, एकशें वीस वर्षांनंतर, तिच्या पन्नासांपैकीं तेवीस बिया उगवल्या, त्यांना फुलें आलीं आणि नवें बीजही धरलें. आपल्या दुकानांतून आणलेलें कांद्याचें बी दुसऱ्या वर्षीं भरवशाचें राहत नाहीं हें लक्षांत घेतां या आंकड्याची किंमत कळेल.

सोळावी बाटली २०२० सालीं निघावयाची होती. परंतु त्या वर्षीं महामारीमुळें विद्यापीठ बंद पडलें व काम एक वर्ष लांबलें. एप्रिल २०२१ मध्यें, पहाटेपूर्वींच्या अंधारांत, अध्यापक फ्रँक टेलेव्स्की व त्यांचे सहकारी नकाशा, मोजपट्टी व फावडीं घेऊन त्या जागीं गेले. अंधाराची निवड केवळ गुप्ततेसाठीं नव्हती. शंभराहून अधिक वर्षें काळोखांत असलेल्या बीस उन्हाची तिरीप लागली तर तिची झोंप पेरण्यापूर्वींच मोडेल, म्हणून दिवेही हिरव्या प्रकाशाचे वापरले, कारण त्या प्रकाशाचा बीजावर परिणाम कमी होतो. बाटली निघाली, वाळू व बिया प्रयोगशाळेंत मातीवर पसरल्या, आणि थोड्याच दिवसांत पहिला अंकुर दिसला. एकंदर वीस बिया उगवल्या. त्या पुन्हां त्याच व्हर्बॅस्कमच्या होत्या. त्यांतील एक रोप वेगळें दिसलें. त्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासलें तेव्हां तें दोन व्हर्बॅस्कम जातींचा संकर असल्याचें ठरलें, आणि हा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे १८७९ सालीं बील यांनीं बिया वेंचल्या तेव्हां त्यांत एक संकरित बी त्यांच्या नकळत आली होती. ती ओळखण्याची विद्या जगांत यावयास शतक लोटावें लागलें, आणि बी तोंपर्यंत थांबून राहिली.

ही झोंप म्हणजे काय, याविषयीं पुष्कळ संशोधन झालेलें आहे. बी मेलेली नसते, आणि पूर्ण जागीही नसते. तिच्यांतील श्वासोच्छ्वास अत्यंत मंद चालतो. कांहीं बियांचें कवच इतकें टणक असतें कीं पाणी आंत शिरत नाहीं. कांहींना एक हिंवाळा अंगावरून गेल्याशिवाय कोंब फुटत नाहीं. फार बारीक बियांना तर प्रकाश पाहिजे. १९५२ सालीं अमेरिकेंतील बेल्ट्सव्हिल येथें लेट्यूसच्या बियांवर प्रयोग होऊन असें दिसून आलें कीं, तांबडा प्रकाश पडला तर बी उगवते आणि तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा प्रकाश पडला तर ती पुन्हां निजते. शेवटीं कोणता प्रकाश पडला त्यावर सारें अवलंबून असतें. हें ऐकून आश्चर्य वाटेल, पण यांत बीचा मोठा व्यवहार आहे. हिरवीं पानें तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि पलीकडचा तेवढा खालीं सोडतात. तेव्हां दाट पिकाच्या सावलींत पडलेल्या बीस, वर जागा रिकामी नाहीं, असा निरोप मिळतो व ती थांबते. पीक विरळ पडलें, तुटाळी झाली, कीं त्याच जागीं तण फोफावतें याचें एक कारण हें आहे. तसेंच जमिनीच्या वरच्या थरांत दिवस व रात्र यांच्या उष्णतेंत मोठा फरक असतो, खोलीवर तो जवळजवळ नसतो. कित्येक बियांना या फरकावरूनच आपण वर आहों कीं खोल आहों हें समजतें. हात-दीड हात खोल कोंब फुटला तर तो उजेडापर्यंत पोंचण्यापूर्वींच मरेल, म्हणून बी तेथें कोंब फोडीतच नाहीं.

मग आपल्या ज्वारी-गव्हाचें बी असें कां टिकत नाहीं? डुव्हेल यांच्या प्रयोगांतही पिकांचीं बीजें लौकर संपलीं आणि तणांचीं टिकलीं. याचें कारण माणसाच्या हातांत आहे. हजारों वर्षें आपण जें बी पेरल्याबरोबर एकसाथ उगवलें त्याचेंच पीक कापलें व त्याचेंच बियाणें ठेवलें. जें मागें राहिलें तें नांगराखालीं गेलें. अशानें पिकाच्या अंगची झोंप आपण काढून टाकली. तणाच्या बाबतींत आपल्याच खुरप्यानें नेमकें उलट केलें. जें तण एकदम उगवलें तें एकदम कापलें गेलें. ज्याच्या बिया थोड्या यंदा, थोड्या पुढील वर्षीं, थोड्या दहा वर्षांनीं अशा हप्त्यानें उगवल्या त्याचा वंश राहिला. मिसर देशांतील थडग्यांत सांपडलेला गहूं उगवला, अशी एक वार्ता पूर्वीं वृत्तपत्रांतून वारंवार येत असे व अजूनही कोणी कोणी ती सांगतो. ती खोटी आहे. गव्हास ती शक्तीच नाहीं.

बील यांच्या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या बिया बाटलींत होत्या. तेथें मुंगी शिरली नाहीं, नांगर लागला नाहीं, उजेड आला नाहीं. जागा वाळवट, देश थंड, हिंवाळ्यांत जमीन गोठणारी. आपल्या उष्ण हवेंत, ओल व कोरड यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या फेऱ्यांत तेंच वर्षांचें मान लागू होईल असें म्हणतां येणार नाहीं. शिवाय आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा आहे. वैशाखांत तिला हातभर भेगा पडतात, वरचें बी त्यांत खोल जातें, आणि पावसानें भेगा मिटल्या कीं तें आंत कोंडलें जातें. म्हणजे नांगर न लावतांही ही जमीन स्वतःस खालींवर करीत असते. यावरून बिया किती वर्षें टिकूं शकतात याची कमाल मर्यादा बील यांच्या बाटल्या सांगतात. शेतांत प्रत्यक्ष किती टिकतात, यासाठीं शेतांतच मोजणी पाहिजे.

ती मोजणीही झालेली आहे. इंग्लंडांतील भाजीपाला संशोधन केंद्रांत नवें बीज अजिबात पडूं न देतां जमिनींतील तणबीज दर वर्षीं किती घटतें हें पाहिलें. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाप्रमाणें वर्षांतून चार वेळां हलविलेल्या जमिनींत दर वर्षीं सुमारें तिसरा हिस्सा बीज कमी होत गेलें. न हलविलेल्या जमिनींत तें प्रमाण याहून कमी होतें. हा तिसऱ्या हिश्शाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. आरंभीं एक हजार बिया धरल्या तर पहिल्या वर्षाअखेर ६६७ राहतात, दुसऱ्या अखेर ४४४, तिसऱ्या अखेर २९६, पांचव्या अखेर १३२ आणि दहाव्या अखेर सुमारें १७. जिद्दीच्या शेतकऱ्यास हा हिशेब आशेचा आहे. पण त्याची अट फार कठीण आहे: मध्यें एकही झाड बीजावर येतां कामा नये. माठाचें एक जोमदार झाड हजारों बिया टाकतें. पांच वर्षें राबून जमिनीचें देणें एक हजारावरून एकशें बत्तिसावर आणलें, आणि सहाव्या वर्षीं आजारपणामुळें किंवा लग्नसराईमुळें भाद्रपदांतील एक खुरपणी राहिली, तर मुद्दल पूर्वींहून अधिक होतें. सावकाराच्या वहींतसुद्धां असें व्याज आढळणार नाहीं.

खुरपणीचा खर्च सर्वत्र सारखा वांटण्यापेक्षां तण फुलावर येण्याच्या आधींच्या पंधरा दिवसांवर तो अधिक करावा, हें यावरून उघड होतें. पीक हातांशीं आल्यावर, आतां तण पिकास काय करणार म्हणून तें तसेंच उभें ठेवण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. त्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दृष्टीनें ती चुकीची नसेल, पण पुढील दहा वर्षांच्या खुरपणीचें बीज त्याच महिन्यांत पडतें. बांधावरील तणासही हेंच लागू आहे. पेरणीपूर्वीं पहिल्या पावसावर तण उगवूं देऊन वखराची उथळ पाळी घालण्याची जुनी रीत या शास्त्रास अगदीं धरून आहे. मात्र ती पाळी उथळच असावी, नाहीं तर खालचें निजलेलें बीज आपण स्वतःच उजेडांत आणतों. उगवलेल्या तणावर फवारावयाचीं औषधें पुष्कळांच्या हातीं आलीं आहेत. तीं वर आलेल्या झाडास मारतात, खालीं निजलेल्या बीस तीं पोंचत नाहींत. हराळी, कुंदा व लव्हाळा यांची गोष्ट मात्र वेगळी. तीं मुख्यतः मुळ्यांनीं व गड्ड्यांनीं पसरतात, बीजाचा हिशेब तेथें कामाचा नाहीं.

गाजरगवताविषयीं वेगळें काय सांगावें? १९५५ च्या सुमारास पुण्यांत तें प्रथम नजरेस आलें आणि आज तें नाहीं असें गांव सांपडत नाहीं. एकेका झाडास हजारों बिया, व त्या मातींत कांहीं वर्षें टिकतात. तेव्हां फुलोरा येण्यापूर्वीं तें उपटणें एवढाच खात्रीचा उपाय आहे.

टारफुल्याची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे, कारण तेथें बीची झोंप आपल्या उपयोगास लावतां येते. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या या तणाची बी धुळीच्या कणाएवढी असते, एका झाडास हजारोंनीं येते आणि जमिनींत दहा वर्षांहून अधिक राहूं शकते. ओल असो, ऊब असो, जवळ योग्य मूळ आल्याशिवाय ती उगवत नाहीं. मुळांतून पाझरणाऱ्या एका द्रव्यावरून तिला यजमान आल्याचें कळतें. हें द्रव्य शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं वेगळें करून दाखविलें, तें ज्वारीच्या मुळांतून नव्हे, कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर टारफुला जगूं शकत नाहीं. म्हणजे कपाशीच्या शेतांत तो फसून उगवतो, त्यास आधार मिळत नाहीं आणि तो तेथेंच मरतो. ज्या शेतांत ज्वारीवर ज्वारी घेतली जाते तेथें टारफुला वाढत जातो. मध्यें कपाशी घेतली तर जमिनींतील बीज कमी होतें. एका हंगामानें तें संपत नाहीं, म्हणून फेरपालट दोन-तीन वेळां करावी लागते, आणि ज्वारीच्या वर्षीं दिसेल तो टारफुला फूल येण्यापूर्वींच उपटून जाळावा लागतो. उपटून बांधावर टाकला तर त्याच्या बिया वाऱ्यानें परत शेतांतच येतात.

मिशिगनच्या उंचवट्याखालीं अद्यापि चार बाटल्या आहेत. २०४० सालच्या बाटलींत व्हर्बॅस्कम पुन्हां उगवेल असा तेथील अध्यापकांचा अंदाज आहे. माल्वा उगवेल काय, याविषयीं मात्र कोणीही खात्री देत नाहीं, कारण २०२१ सालीं ती उगवली नाहीं. नकाशा आतां एकाच माणसापाशीं ठेवीत नाहींत, आणि पुढील खोदकामास जे लागतील त्यांतील कांहीं तरुण अध्यापकांना २०२१ सालींच बरोबर नेऊन जागा दाखविण्यांत आली आहे.